अ‍ॅरिझोनातल्या रस्त्यावरचं दुकान : आमचे 800 डॉलर कसे गेले

आधी आकडे सांगतो, कारण फोनवर मला प्रत्येकाने पहिल्यांदा तेच विचारलं. खोट्या दागिन्यांत गेलेले एकूण 800 डॉलर. त्यातले 500 रोख आणि 300 क्रेडिट कार्डावर. रोख 500 माझे नव्हते, आईचे होते. साताऱ्यातल्या भिशीचे पैसे साठवून तिने निघण्याआधी 85 रुपये 20 पैसे दराने डॉलर घेतले होते, म्हणजे 42,600 रुपये. परत किती मिळाले? एक सेंटही नाही.

ऑक्टोबर 2024 ची गोष्ट. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे डॅलसला आली होती. तिला विमान आणि हॉटेलं नको होती, ‘आपलं घरच बरोबर घेऊन फिरू’ म्हणाली, म्हणून फिनिक्सहून सहा रात्रींसाठी 25 फुटी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली. ग्रँड कॅनियन झालं, फ्लॅगस्टाफ झालं, आणि 14 तारखेला आय-40 या हायवेने पूर्वेकडे न्यू मेक्सिकोतल्या गॅलपला निघालो. हा जुन्या रूट 66 चाच पट्टा. हायवे झाल्यावर गावं ओस पडली, पण रस्त्याकडेची चमत्कारिक दुकानं टिकली आहेत. ती बघायलाच लोक थांबतात, आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलालाही तेच हवं होतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. वीस मैल आधीपासून पिवळे फलक सुरू झाले : ‘खरा साप बघा’, ‘उल्का हातात घ्या’, ‘अजून 5 मैल’. आणि प्रत्येक फलकाच्या खाली लाल अक्षरांत ‘दुकान बंद होतंय, सगळं 70 टक्के सूट’. फलकांची लाकडं उन्हाने भुरकट झालेली, लाल रंगसुद्धा फिकट गुलाबी झालेला. जे दुकान बंद होतंय त्याचा ‘बंद होतंय’ हा फलक उन्हाने विटेपर्यंत जुना कसा? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आज झोपेतून उठवून कुणी विचारलं तरी पडेल.

दारात जुनी स्कूल बस उभी होती, सापासारखी रंगवलेली. पुढचं दार म्हणजे सापाचा जबडा, त्यातून चढायचं आणि मागच्या दारातून दुकानात उतरायचं. आत भिंतीवर सशाच्या मुंडक्याला हरणाची शिंगं लावलेले जॅकलोप. एका टोपलीत ‘रॅटलस्नेकची अंडी’ लिहिलेली पाकिटं, उघडलं की आतला रबर फिरून फडफड आवाज होतो. मुलगा दचकला आणि मग त्याने ते पाकीट आम्हा सगळ्यांना दहा वेळा उघडायला लावलं. पिंपात अश्मीभूत लाकडाचे तुकडे, पाच डॉलरला एक. त्याच दुपारी आम्ही पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान बघून आलो होतो. तिथला दगड उचलणं गुन्हा आहे, आणि उचलून नेलेले लोक पश्चात्तापाची पत्रं लिहून तो टपालाने परत पाठवतात. ती पत्रं वाचून आई फार हलली होती. ‘माणसं मुळात चांगलीच असतात रे,’ असं ती गाडीत म्हणाली, आणि तासाभरात आम्ही त्या दुकानात होतो.

दागिन्यांचा काउंटर अगदी मागे, मंद पिवळ्या दिव्यात. काउंटरवर साठीचा माणूस, अतिशय गोड बोलणारा. कुठून आलात, आई पहिल्यांदाच आल्या का, आणि लगेच : आज रात्री मुक्काम कुठे? मी सांगून टाकलं, गॅलपच्या आरव्ही पार्कला, त्यांचं ऑफिस सहाला बंद होतं. तो म्हणाला, ‘मग तुमच्याकडे फार वेळ नाही. न्यू मेक्सिकोत घड्याळ एक तास पुढे आहे.’ खरंच होतं ते. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्याची वेळ पाळत नाहीत, न्यू मेक्सिकोत पाळतात. आमच्या घड्याळात पावणेचार, म्हणजे गॅलपला पावणेपाच झाले होते, आणि पुढे तासाभराहून जास्त रस्ता. ही माहिती त्याने आपुलकीने दिली असं मला वाटलं. आता कळतंय, आमच्याकडे विचार करायला किती मिनिटं आहेत हे त्याने मोजून घेतलं होतं.

त्याने मखमलीच्या पाटावर एक हार काढून ठेवला. स्क्वॉश ब्लॉसम म्हणतात त्याला. नावाहो या तिथल्या आदिवासी जमातीचा प्रसिद्ध प्रकार : चांदीचे मणी, मध्ये कळ्या, खाली उलट्या चंद्रकोरीसारखं पदक, त्याला ‘नाजा’ म्हणतात, आणि सगळीकडे निळे पिरोजे. आई बघतच राहिली. ‘अगं बाई, डाळिंबाच्या कळ्या आणि चंद्रकोर! हे तर आपलंच वाटतंय.’ चिठ्ठीवर 1,850 डॉलर, सूट जाऊन 555. जोडीला मनगटातलं रुंद कडं, 640 चं 192 ला. कानातल्यांचे दोन जोड, 180 चे प्रत्येकी 54 ला. एकूण 855. तो म्हणाला, हे सगळं वरच्या गावातल्या एका नावाहो आजींच्या घरी बनतं, मी वीस वर्षं त्यांच्याकडूनच घेतो. भिंतीवर एका नावाहो वृद्धेचा जुना फोटो होता, त्याकडे त्याने नुसती मान केली. ‘ह्याच त्या आजी’ असं तो म्हणाला नाही. ते मी माझ्या मनाने ठरवलं आणि आईला मराठीत सांगितलं, ‘ह्या बाईंनी केलंय आई, हाताने.’

आता तो क्षण. चार महिने तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आईने कडं हातात घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर ते उलटं केलं. ही तिची सवय आहे. येवल्याला पैठणी घेतानाही ती आधी पदर उलटा करते, कारण हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो आणि मशीनवरच्या पैठणीला मागे सुटे दोरे असतात. तीच सवय तिने अ‍ॅरिझोनात वापरली. कड्याच्या आतल्या बाजूवरून तिने अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘हे चिकट काय लागतंय रे?’ मी बघितलं. करंगळीच्या नखाएवढा लंबगोल डाग होता, डिंकाचा, त्यावर पांढऱ्या कागदाची उरलेली किनार आणि धूळ बसून काळी पडलेली कड. मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘किमतीची चिठ्ठी होती.’ मी आईला म्हणालो, ‘किमतीची चिठ्ठी होती.’

आणि किमतीची चिठ्ठी त्याच कड्याला पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली, आईच्या मनगटावर लोंबत होती! त्या काउंटरवरच्या प्रत्येक वस्तूला तशीच दोऱ्याची चिठ्ठी होती. चिकटवलेली एकही नव्हती. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो, लोकांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. सहा इंचांवर असलेली ही गोष्ट मला दिसली नाही. आईला दिसली होती. मी तिला गप्प केलं.

तो डिंक कशाचा, हे नंतर वाचून समजलं. बाहेरून आयात केलेल्या ‘नेटिव्ह’, म्हणजे तिथल्या आदिवासी धाटणीच्या दागिन्यांवर मूळ देशाचं नाव सहज न निघेल असं, कोरून किंवा ठसा मारून असावं लागतं. साध्या स्टिकरवर भागत नाही. तरी स्टिकर लावून माल येतो, आणि दुकानात पोचल्यावर नखाने स्टिकर निघतो. फिलिपिन्समध्ये कारखान्यात बनवलेले असे दागिने अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोत खरे म्हणून विकण्याचं मोठं प्रकरण 2015 च्या छाप्यांत उघडकीला आलं, आणि 2018 मध्ये अल्बुकर्कीच्या एका दागिने विक्रेत्याला सहा महिन्यांची कैद झाली. हे सगळं तेव्हाही फोनवर दोन मिनिटांत सापडलं असतं. पण दुकानात रेंज नव्हती आणि आरव्हीत बायको हॉर्न वाजवत होती. मी सबब सांगत नाही, घडलं तसं सांगतोय.

पैसे देताना तो म्हणाला, सगळं रोख दिलंत तर टॅक्स नाही आणि 800 ला देतो. आईकडे 500 होते. उरलेले 300 कार्डावर घ्यायला तो तयार झाला. आम्ही टॅक्स वाचवला, हे मान्य करतो. टूरिस्ट गावात कोण नाही वाचवत? पण त्यामुळे माझ्या हातात काय आलं, तर कार्डाची 300 ची स्लिप आणि वहीतून फाडलेला एक कागद. त्यावर लिहिलं होतं : ‘साऊथवेस्ट स्टाइल नेकलेस 1, कफ 1, इअररिंग्ज 2.’ नावाहो हा शब्द नाही, चांदी हा शब्द नाही, आजींचं नाव नाही. तो कागद मी वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. तोंडाने जे जे बोलला त्यातलं एक अक्षर त्याने कागदावर उतरू दिलं नाही. रस्त्यावरच्या अशा कुठल्याही दुकानात ‘स्टाइल’ किंवा ‘इन्स्पायर्ड’ हा शब्द दिसला की वस्तू खाली ठेवा आणि बाहेर या.

जानेवारीत आई साताऱ्याला परतली होती. हार तिने धाकट्या मावशीला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार बायकांसमोर गळ्यात घातला. कॉलेजची तीन वर्षं मी मावशीकडे जेवलोय, म्हणून तो मुद्दाम तिच्यासाठी घेतला होता. मावशीला साखळी थोडी लांब झाली, ती लहान करायला सराफाकडे गेली. सराफाने कसोटीवर ओढून बघितलं आणि म्हणाला, ‘ताई, ही चांदी नाही, जर्मन सिल्व्हर आहे.’ मग सुई तापवून निळ्या खड्याला मागून टेकवली. प्लास्टिक जळल्याचा वास दुकानभर. मावशीने चार दिवस आईला सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा आईने मला फोन केला, आणि मी काय केलं? आईशी भांडलो. साताऱ्यातल्या सराफाला अमेरिकेतला दगड काय कळतो, असं म्हणालो.

त्या रात्री बायकोचं कानातलं घेतलं, कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घातला आणि खडा पुसला. कापूस निळा झाला. खाली दगड पांढरा, राखाडी रेघांचा. हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट नावाचे स्वस्त पांढरे दगड असतात, ते रंगवून पिरोजा म्हणून खपवतात. म्हणजे हारात प्लास्टिक आणि कानात रंगवलेला दगड, एकाच ‘आजीं’कडून. हे तपासायला एक कापसाचा बोळा पुरतो, पण विकत घेण्याआधी तो कुणी वापरू देत नाही. म्हणून खड्यापेक्षा कागदाकडे बघा.

पुढची कथा आणखी संतापजनक आहे. पहिला फोन बँकेला. 47 मिनिटं होल्डवर. मग कळलं की बिलातल्या चुकीची तक्रार स्टेटमेंट निघाल्यापासून 60 दिवसांत करायची असते, ते दिवस संपले. मी म्हणालो, चूक नाही, फसवणूक आहे, माल खोटा आहे. ती बाई म्हणाली, मालाबद्दलच्या तक्रारीला कायद्यात वेगळी अट आहे : खरेदी तुमच्याच राज्यात किंवा घराच्या पत्त्यापासून 100 मैलांच्या आत झालेली पाहिजे, आणि ती रक्कम तुम्ही अजून भरलेली नसली पाहिजे. मी डॅलसला राहतो, दुकान अ‍ॅरिझोनात, बिल नोव्हेंबरमध्येच भरलेलं. आरव्हीने फिरणारा माणूस घरापासून 100 मैलांच्या आत खरेदी करणार कशाला? हायवेवरच्या दुकानाचं लांबून आलेलं बहुतेक गिऱ्हाईक या अटीतून बाहेर पडतं, आणि दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मग तिथल्या पोलिसांना फोन. पहिला प्रश्न : दुकान आदिवासी राखीव जमिनीवर आहे की बाहेर? मला काय माहीत! हायवेवर पाटी बघायला मी थांबलो नव्हतो. त्यांनी दुसरा नंबर दिला, दुसऱ्याने पुन्हा पहिला दिला. तिसऱ्या दिवशी एकाने सांगितलं, हे दिवाणी प्रकरण आहे, वकील करा. 800 डॉलरसाठी वकील! आणि वर विचारलं, ‘रोख का दिलेत? टॅक्स भरलात का?’ प्रश्न चोराला नाही, मला. मी फोन ठेवला आणि दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

राज्याच्या ग्राहक तक्रारीच्या कचेरीत ऑनलाइन अर्ज केला, फोटो जोडले. त्यांनी माझा अर्ज जसाच्या तसा दुकानदाराला पाठवला. पाच आठवड्यांनी त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं : आम्ही ‘साऊथवेस्ट स्टाइल’ असंच विकतो, पावती बघा. कचेरीने ते उत्तर मला पाठवून प्रकरण बंद केलं. मध्ये बसलेल्या माणसाने एकदाही दुकानदाराला विचारलं नाही की त्या नावाहो आजींचं नाव काय. त्या एका प्रश्नाने तो अडला असता. मी अर्जात तो प्रश्न ठळक अक्षरांत लिहिला होता. कुणी वाचलाच नाही.

केंद्र सरकारचा कायदा आहे, आणि कडक आहे. 1990 चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अ‍ॅक्ट. आदिवासी कारागिराने न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा. व्यक्तीला 2,50,000 डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. पण 2010 च्या दुरुस्तीनंतर 1,000 डॉलरच्या खालच्या विक्रीला पहिल्या गुन्ह्यात शिक्षा हलकी आहे : 25,000 डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद. आमचे 800. फॉर्म भरला, पोच मिळाली. त्यानंतर दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तीच छापील पोच. एक वर्ष कैद राहू दे, एक माणूस त्या दुकानात जाऊन कडी उलटी करून बघेल, एवढीही अपेक्षा करायची नाही का? ज्या नावाहो, झुनी, होपी सोनारांचं पोट या कलेवर आहे, त्यांचं रोजचं नुकसान मोजायला तरी कुणी जायला नको का? खरा हार करायला दिवसचे दिवस लागतात. 555 डॉलरमध्ये तो होत नाही, आणि त्याची किंमत या खोट्या मालाने पाडली आहे.

खरं घ्यायचं असेल तर त्याच भागात जागा आहेत. गनाडोला हबेल ट्रेडिंग पोस्ट आहे, 1878 पासूनचं, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. तिथे विणलेला गालिचा असो की अंगठी, करणाऱ्याचं नाव सांगतात. सांता फेला पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीत कारागीर स्वतः फडकं पसरून बसतात, हातात घेऊन विचारा, ‘तुम्ही केलंत का?’ आम्ही फ्लॅगस्टाफहून निघालो तेव्हा गनाडो वाट वाकडी करून जाता आलं असतं. मीच म्हणालो, 25 फुटी गाडी घेऊन उगाच आडवाट नको.

आरव्हीबद्दलही सांगतो. ही गाडी वळवून परत नेणं म्हणजे शिक्षा असते, म्हणून एकदा पुढे गेलेलं गिऱ्हाईक मागे येत नाही. गाडीचं इंजिन चालू ठेवून, मुलं आत बसवून काहीही महाग घेऊ नका. पन्नास डॉलरच्या वर रोख देऊ नका, ‘टॅक्स नाही’ म्हटलं की तर नाहीच. चिठ्ठीचा आणि वस्तूच्या मागच्या बाजूचा फोटो काउंटरवरच काढा. फोटोला नाही म्हणाला तर तिथेच उत्तर मिळालं. आणि पावतीवर चार गोष्टी त्याच्याच हाताने लिहून घ्या : कारागिराचं पूर्ण नाव, जमात, धातू, आणि खडा नैसर्गिक आहे की नाही. वडीलधारी माणसं बरोबर असतील आणि त्यांनी काही विचारलं, तर त्यांचा प्रश्न पूर्ण भाषांतर करून विचारा. मी अर्धाच केला.

आईच्या खात्यावर मी 42,600 रुपये पाठवले. तिने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. कडं ती अजून वापरते, घरात. मला व्हिडिओ कॉलवर दिसतं.

मागच्या आठवड्यात ह्यूस्टनचा एक मित्र सहकुटुंब त्याच रस्त्याने चालला होता. त्याने सापाच्या बसचा फोटो पाठवला, मुलं जबड्यात उभी. मागे तोच फलक, ‘दुकान बंद होतंय, सगळं 70 टक्के सूट’. मी फोन लावला, लागला नाही. मेसेज टाकला, मागच्या काउंटरवर जाऊ नकोस, गेलास तर पावतीवर करणाऱ्याचं नाव लिहून माग. दोन तासांनी गॅलपहून उत्तर आलं : ‘बायकोला कडं आवडलं होतं. नाव लिहून द्या म्हटलं, तर म्हणाला, पेन चालत नाही. माझं दिलं. मग म्हणाला, विकायचं नाही ते.’